मागाखालचा खड्डा

ती घटना आजही आठवली की आधी हायसं वाटतं, मग स्वतःचाच राग येतो. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, तेव्हा मी सक्करदऱ्याच्या बाजूला फौजदार होतो.

एका सकाळी गिरणीतला एक कामगार फिर्याद घेऊन आला. "साहेब, माह्या बहिणीचा सहा दिवसांपासून पत्ता नाही. दाजी तोंड उघडून नाही राहिला. अन् मागाखालचा खड्डा ताजा सारवला आहे."

हातमागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्यात माणूस सहज मावतो. पंच बोलावून खड्डा कमरेइतका खणला, निघाली ती नुसती माती. तरी तिच्या विणकर नवऱ्याला ठाण्यात आणलं. काहीही विचारलं की तो फक्त हात जोडायचा. लिहितावाचता येत नव्हतं. मी त्याला ढोंगी ठरवलं आणि दोन थोबाडीत लगावल्या. आता लपवून काय करू? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द नाही. खुनाचा संशयित म्हणून मी त्याला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी बेपत्ता बाईची आई उमरेडहून आली. ती आधी लेकीच्या घरी जाऊन आली होती.

"याले काहून धरलं, साहेब? माग मोकळा आहे, खड्डा सारवून मागाले कुंकू लावलं आहे. आमच्या घरात नवसाचं लुगडं विणलं का, जिच्यासाठी नवस तीच ते डोंगरगडच्या देवीले नेते. कोणाले सांगत नाही. प्रसाद येईपर्यंत विणणारा बोलत नाही."

"तुमच्या मुलाला हे कसं माहीत नाही?"

"तो लहानपणीच गिरणीत लागला. त्याले मागाचं काय माहीत?" म्हातारी जमिनीवर बसली. "माही पोरगी दुखण्यानं मरत होती, तवा यानंच नवस बोलला होता. बोललो तर ती जाईन, असं वाटत असन त्याले."

मी तडक डोंगरगडच्या ठाण्याला तार केली. संध्याकाळी उत्तर आलं: बाई धर्मशाळेत सुखरूप, देवळाच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला. मी कोठडी उघडायला लावली. विणकराला बाहेर काढून तार वाचून दाखवली. तो हसला, पण बोलला नाही; घरी न जाता ठाण्याच्या पायरीवरच बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी, तिथल्या पोलिसांकडून कळल्यावर, त्याची बायको लंगडत थेट ठाण्यात आली आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यानं तो खाल्ला, मग माझ्याकडे वळला.

"साहेब, तिले बसाले काही द्या. पाय सुजला आहे तिचा."

मी माझी खुर्ची पुढे केली. गप्प माणूस काहीतरी लपवतो, असं मी मानत आलो होतो. हा तर बायकोचा जीव सांभाळत होता, आणि मी त्याला त्याबद्दल मारलं होतं.