खांबेट्यांचा नववा राजीनामा

गोपाळकृष्ण खांबेटे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, अगदी माझ्या दारासमोर. दुसऱ्याच्या घरात डोकावणं वाईट, हे मलाही शिकवलं होतं. पण त्यांचं दार उघडंच असतं आणि माझे कान अजून शाबूत आहेत, त्याला मी काय करणार? त्यातून मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं खुद्द विमलाबाई खांबेट्यांनी सांगितलेलं आहे आणि उरलेलं शेजारच्या इमारतीतल्या, त्यांच्याच ऑफिसात असलेल्या प्रज्ञेशने. तेव्हा माझ्याकडे फक्त जोडकाम.

खांबेटे हडपसरच्या एका पंपांच्या कारखान्यात लागले ते सत्त्याहत्तर साली. काम स्टोअरचं. कुठला बोल्ट कुठल्या कपाटात, कुठलं वॉशर कधी संपणार, हे माणसाच्या तोंडपाठ. पुढे कारखान्यात संगणक आला, तेव्हा तोंडपाठ होतं ते सगळं त्यांनी त्याच्यात घातलं. हुशार माणूस, यात वाद नाही. खोड एकच. मनासारखं झालं नाही की राजीनामा.

आणि तो देण्याची एक रीत होती. पत्रात कारण लिहायचं नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच दोन शब्द. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायचं आणि जागेवर येऊन गप्प काम करायचं. साहेब ते खणात टाकत. तिसऱ्या दिवशी शिपाई येई, “साहेबांनी बोलावलंय.” आत दोन कप चहा मागवलेला असे.

“अहो खांबेटे, असं काय करता? तुम्ही गेल्यावर स्टोअर बघायचं कुणी?”

“बघतील की. माणसं काय, मिळतात.”

“नक्की झालंय काय?”

“काही नाही.”

हे ‘काही नाही’ चार वेळा झालं की साहेब अंदाजाने एकेक कारण काढत. पंखा का? कँटीन का? बरोबर कारण आलं की खांबेटे चहाचा पहिला घोट घेत. मग पत्र घडी घालून परत. लग्नात रुसलेल्या व्याह्याची समजूत काढतात ना, तसंच. असे सात राजीनामे झाले. त्यातला एक तर खंडेनवमीला संगणकापुढचा नारळ धाकट्या माणसाकडून फोडून घेतला म्हणून. पाचव्यापासून त्यांनी मजकूर लिहायचाही सोडला. जुन्याच पत्राची प्रत काढायची, तारीख बदलायची. परत आलेली पत्रं घरी एका फायलीत नीट लावलेली.

अठ्ठ्याण्णव साली हिंजवडीकडच्या एका आयटी कंपनीला कारखान्याचं स्टोअर आतून माहीत असलेला माणूस हवा होता. खांबेट्यांनी आठवा राजीनामा दिला, तो खरा. साहेबांनी सवयीने तीन दिवस थांबून चहा मागवला आणि कारणं काढायला बसले. हा माणूस या वेळी खरोखरच जातोय, हे त्यांना पटवता पटवता खांबेट्यांना घाम फुटला.

नव्या कंपनीत चार वर्षं बरी गेली. गळ्यात पट्टा, कर्वे पुतळ्यापासून कंपनीची बस. वरिष्ठ म्हणजे दिग्विजय, वय एकोणतीस. तो यांना ‘सर’ म्हणे आणि हे त्याला ‘दिग्विजयजी’. मग दोन हजार दोनच्या जानेवारीत मजल्यावरची मांडणी बदलली. खांबेट्यांची खिडकीजवळची खुर्ची गेली आणि मिळाली ती कॉफीच्या मशीनला चिकटून. दिवसभर लोक येणार, मशीन घरघरणार, आणि जो तो म्हणणार, “सर, दूध संपलंय वाटतं.” जसं काही दूध हेच घालतात.

आठवडाभर त्यांनी सोसलं. सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी दिग्विजयला राजीनाम्याचा मेल पाठवला. मजकूर तोच, सत्त्याहत्तर सालचा.

दहा एकवीसला उत्तर आलं. राजीनामा स्वीकारला आहे, शेवटचा दिवस पंधरा फेब्रुवारी, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सोबत तीन फॉर्म.

दुसरा कोणी असता तर धावत दिग्विजयकडे गेला असता. खांबेट्यांनी ते ‘पत्र मिळालं’ अशा अर्थाने वाचलं. अजून तीन दिवस जायचे होते ना. गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अकराच्या सुमारास दिग्विजय खरोखरच त्यांच्या टेबलापाशी आला.

“सर, वेळ आहे का?”

“आहे की,” खांबेटे म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

“केटी कधीपासून सुरू करू या? प्रज्ञेशला सांगितलंय मी.”

केटी म्हणजे आपल्या डोक्यात आहे ते जाण्याआधी दुसऱ्याच्या डोक्यात ओतणं. खांबेट्यांनी चष्मा परत घातला.

तेव्हा अमेरिकेत मंदी होती आणि तिकडे शिंक आली की हिंजवडीत लोकांना घरी पाठवत होते. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? भाग्यश्री, त्यांची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे सगळं त्यांना कळत होतं. पण पत्र मागे घ्यायचं तर समोरून कोणी तरी ‘असं काय करता’ म्हणायला हवं. ते कोणी म्हणेना. उलट भेटेल तो “काँग्रॅट्स सर, कुठे?” असं विचारी. हे गूढ हसत. त्या हसण्यावरून मजल्यावर बातमी पसरली की खांबेटे सर सिंगापूरला चाललेत.

मग त्यांनी दुसरा हेका धरला. प्रज्ञेशला असं शिकवायचं की कंपनीला कळावं आपण काय गमावतोय. झालं उलटंच. पोरगा मुळात तल्लख, त्यात महिनाभर रोज चार तास शिकवणी. पंधरा दिवसांत तो यांच्याच चुका दाखवायला लागला.

घरी अर्थातच काही सांगितलेलं नव्हतं. पण प्रज्ञेशची आई कांताबाई आणि विमलाबाई एकाच भाजीवाल्याकडे जातात. पहिल्याच आठवड्यात कांताबाईंनी मेथी निवडता निवडता म्हटलं, “सिंगापूरला थंडी नसते म्हणे. स्वेटर नेऊ नका.” विमलाबाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. घरी येऊन विचारलंही नाही. “म्हटलं, बघू तरी किती दिवस सांगत नाहीत,” असं त्या मला नंतर म्हणाल्या. महिनाभर त्या डबा भरत राहिल्या आणि हे नेत राहिले.

चौदा फेब्रुवारीला सकाळी डबा भरताना त्यांनी विचारलं, “उद्याचा डबा शेवटचा ना? काही गोड देऊ का?”

खांबेटे बूट घालत होते. एका पायात घालून ते तसेच बसले.

“तुला कोणी सांगितलं?”

“सगळ्या कोथरूडला माहीत आहे. मला मेथीबरोबर मिळालं.”

“बोलावतील गं. आज एक्झिट इंटरव्ह्यूला बोलावलंय. बंद खोलीत. तिथेच काढतील विषय.”

“आणि नाही काढला तर?”

“तर काय?”

“तर तुम्ही काढा. नोकरी हवीय ना?”

“हवीय. पण मागायची कशी?”

“तोंडाने,” विमलाबाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

एक्झिट इंटरव्ह्यू घ्यायला पायल नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. चहा नव्हता. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि संगणकावर फॉर्म उघडला.

“सर, सोडण्याचं कारण काय सिलेक्ट करू? चांगली ऑफर, शहर बदललं, पुढचं शिक्षण, पर्सनल?”

“यातलं एकही नाही.”

“मग पर्सनल टाकते. तुम्ही मेलमध्ये तेच लिहिलंय.”

खांबेटे वाट पाहत राहिले. ती अंदाजाने काही विचारेना. पुढच्या प्रश्नाला गेली. मित्राला ही कंपनी सुचवाल का? हो. कामाची जागा कशी वाटली, पाचपैकी किती?

“शून्य,” खांबेटे म्हणाले.

पायलने मान वर केली. मग ते एकदाचं बाहेर आलं. खिडकी, मशीन, घरघर, दूध. पंचवीस वर्षांत राजीनाम्याचं कारण त्यांनी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा सांगितलं.

“सर, त्यासाठी अ‍ॅडमिनला एक मेल करायचा ना. चार दिवसांत बदलून देतात.”

खांबेट्यांनी पाण्याची बाटली स्वतःकडे ओढली.

“मला जायचं नाहीये,” खांबेटे म्हणाले.

त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. पायलने दिग्विजयला बोलावलं. तो आला, ऐकलं, आणि खुर्ची ओढून बसला.

“सर, मला वाटलं तुम्हाला मोठी ऑफर आहे. तुम्ही सीनियर. सगळा विचार करूनच लिहिलं असणार. मी थांबवायला आलो असतो तर तुमच्या निर्णयाचा अपमान झाला असता.”

“आमच्याकडे न थांबवणं हा अपमान असायचा.”

“हे मला माहीत नव्हतं, सर,” दिग्विजय म्हणाला. पोरगा खरं बोलत होता. “आता तुमची जागा प्रज्ञेशला दिली, लेटरही निघालं. ती परत घेता येणार नाही. पण नवीन मुलांना कारखान्याचं स्टोअर म्हणजे काय ते शिकवायला कोणी तरी लागतं. सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट मी वरून मागून आणू शकतो. रिपोर्टिंग मात्र प्रज्ञेशला.”

‘विचार करून सांगतो’ हे शब्द खांबेट्यांच्या जिभेवर आले होते. हे त्यांनीच विमलाबाईंना सांगितलं. ते शब्द त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

“चालेल,” ते म्हणाले.

निरोपाचा केक आधीच सांगितलेला होता, तो पंधरा तारखेला आला आणि कापला गेला. त्यावर क्रीमने ‘शुभ प्रवास’. सोमवारी खांबेटे पुन्हा त्याच बसमध्ये. मजल्यावर कोणी तरी विचारलं, “सर, सिंगापूर?” तर म्हणाले, “उकाडा फार.”

खुर्ची होती तिथेच, मशीनपाशी. त्यांनी अ‍ॅडमिनला दोन ओळींचा मेल केला, कारणासकट. चार दिवसांत नाही, सहा लागले, पण खिडकी मिळाली. सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट पुढे नऊ वर्षं चाललं. प्रज्ञेश घरी त्यांना ‘काका’ म्हणतो. ऑफिसात ते त्याला ‘प्रज्ञेश सर’ म्हणत. हे नव्याण्णव टक्के आदराने होतं. उरलेल्या एका टक्क्याबद्दल मी खात्री देणार नाही.

राजीनाम्यांची ती फाईल अजून त्यांच्याकडे आहे. पत्रं पाठकोरी आहेत, म्हणून टाकवत नाहीत. परवा इस्त्रीवाला आला तेव्हा विमलाबाई दारात उभ्या राहून एका कागदावर लिहीत होत्या. शर्ट पाच, पँट तीन, साडी एक. कागद उलटा करून मी राजीनाम्याची तारीख पाहिली. खंडेनवमीचा होता.