गोपाळभाऊचे छापे आन् मंदाबाईचा शेरा

अशा गोष्टी जमा कराव्या लागत नाईत. गोपाळभाऊच्या घरापुढच्या छपरीत जाऊन बसलं की त्या शाईसारख्या अंगाले चिकटतात. साबण लावला तरी निघत नाईत!

गोपाळभाऊ म्हणजे आमच्या मूल गावचा चित्रकार. ड्रॉइंग मास्तर होता, रिटायर झाला. आता सागाच्या फळीवर कोरते, शाई फासते, वर कागद ठेवून वरणाच्या डावानं घासते आन् छापा काढते. नागपूरचे लोक याले 'प्रयोग' म्हणतात, त्याची बायको मंदाबाई 'पसारा' म्हणते. गोपाळभाऊले बाकी काई नको, एकदा तिच्या तोंडून 'जमलं' ऐकाचं आहे. मी नथ्थू, सातवी नापास, रोजचा प्रेक्षक. माझं 'वा वा' त्याले चालत नाई. "तू तं चहासाठी म्हणतं!" खरंच आहे.

*

त्यानं एकदा 'वाघ' नावाचा छापा काढला. पुरं गवत. काळं गवत, त्यात आणखी काळं गवत. त्याचं काळं साधं नसते बरं! मोहफुलं वेचाले गेलेला माणूस ज्या काळ्याकडं पाहून उगाच मोठ्यानं खोकलते, थे काळं.

मी चष्मा लावून शोधलं. "भाऊ, वाघ कुठी आहे?"

"आत्ताच गेला."

मले खरंच घाम फुटला! मंदाबाई आतून ओरडली, "गेला थे बरं झालं. थांबला असता तं त्याचाई चहा मांडा लागला असता!"

*

शाई त्याले बाजारची चालत नाई. राजुऱ्याच्या साळ्यानं, म्हणजे मंदाबाईच्या भावानं, कोळशाची भुकटी आणली, यानं घरातल्या जवसाच्या तेलात खलली. काय दणदणीत रंग उतरला!

जेवाले बसलो तं भाजी नुसती उकडलेली. गोपाळभाऊ भीत भीत म्हणाला, "मंदा, फोडणी?"

"तेल भिंतीवर टांगलं आहे. भात तिथीच कालवा!"

*

मंग धानाच्या तणसाचा कागद बनवला. जाडाभरडा, पिवळसर, काडी न् काडी दिसे. त्याच्यावर एटापल्लीकडच्या टेकड्या छापल्या आन् अंगणात वाळाले ठेवल्या. शेजारची गाय आली, टेकड्या खाऊन गेली! गोपाळभाऊ डोक्याले हात लावून बसला.

मंदाबाई म्हणे, "रडता काऊन? तुमच्या चित्राजवळ पह्यल्यांदाच कोणी शेवटपर्यंत थांबलं!"

*

आता माझा प्रताप. मंदाबाईचं फरशी पुसाचं पोतेरं मी गुपचूप फ्रेममधी घालून लटकवलं. गोपाळभाऊ आला, मान वाकडी करून पाहत राह्यला.

"नथ्थू, हे मी कधी काढलं रे? हात किती मोकळा होता तवा!"

मी पोट धरून उभा. तेवढ्यात मंदाबाई आली, फ्रेम उघडली, पोतेरं काढलं आन् फरशी पुसाले बसली. गोपाळभाऊ माझ्या कानात म्हणाला, "चांगलंच होतं पण!"

*

चंद्रपुरात त्याचं प्रदर्शन लागलं. मंदाबाई येतच नव्हती. मी थाप मारली, तिथी साड्यांचा सेल आहे. पोचल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं का मी खांबामागं लपलो!

भराभर चालली. एका छाप्यापुढं मात्र पाय थांबले. हा छापा कोरलेलाच नव्हता. चुलीपुढचा तिचा बसाचा पाट गोपाळभाऊनं उचलला, होता तसाच शाई लावून छापला. लाकडाच्या रेषा, आन् मधी बसून बसून झिजलेलं, शाई न लागलेलं पांढरं.

"हा डाग पाहा," ती बाजूच्या माणसाले सांगू लागली, "मोठी पोटात होती तवा निखारा पडला. आन् ही चीर सासूबाईची. रागात आपटला होता!"

लोक जमले. ती सांगून राह्यली, लोक हसून राह्यले. मागं उभा गोपाळभाऊ पुढं सरकला.

"मंदा, जमलं का?"

"तुमचं काय आहे याच्यात? बसून बसून हे मी काढलं!"

छाप्याखाली कोपऱ्यात चित्रकारानं पेन्सिलीनं सही कराची रीत असते. गोपाळभाऊची होतीच तिथी. त्यानं छापा उतरवला, काच काढली आन् खिशातली पेन्सिल तिच्यापुढं धरली.

मंदाबाईनं त्याच्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं. सावकाश, मोठ्या अक्षरात. मंग हातभर मागं सरकून पाहिलं.

"आता जमलं!"