गाडीत कोण रडून राहिलं?

डॅशबोर्डमधला हिरवा लाइट गेला आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या काकूंनी मला विचारलं, "तुमी कोण?"

थोड्याच वेळापूर्वी त्यांनी मला पर्समधली बडीशेप दिली होती.

"मी शकील, काकू. रेडिओवाला."

"मंग रेडिओ काहून बंद केला?"

याचं उत्तर मलाही अजून माहीत नव्हतं. खिडकीबाहेर त्यांचे मिस्टर, देशमुख सर, उभे होते. त्यांनी मला नुसती मान हलवून खूण केली, लवकर करा.

राजापेठेत माझं कार ऑडिओचं दुकान आहे. गाडीत स्टिरिओ, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा बसवतो. गिऱ्हाईक गाडी लावून चहाला जातं, मी मोकळेपणानं काम करतो. काकू मात्र गाडीतून उतरायला तयार नव्हत्या. म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर अंग मुडपून, त्यांच्यासमोर स्टिरिओ बाहेर ओढत होतो.

सर इथले नव्हेत, अकोल्याचे, तिथं जठारपेठेत राहतात. कॉलेजातून रिटायर झालेले. काकूंना विसरण्याचा आजार. घरात त्यांना चैन पडत नाही, संध्याकाळ झाली की 'घरी चला' म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहतात. मग सर त्यांना या जुन्या गाडीत बसवतात, कॅसेट लावतात आणि गावाबाहेर चक्कर मारून आणतात. तेवढ्या वेळात काकू शांत असतात, कधी कधी गाण्यातली एखादी ओळही म्हणतात. पण कॅसेटी आता संपत आल्या होत्या. प्लेअर टेप चावायचा. पुण्याच्या मुलीनं तीच गाणी फोनमध्ये भरून दिली, पण फोनचा आवाज या स्टिरिओतून यायचा कसा?

सरांनी आधी एका दुकानातून टचस्क्रीन बसवून पाहिला. काकू गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही आपली गाडी नाही." त्या काही केल्या बसल्या नाहीत. सरांना जुना सेट परत लावून घ्यावा लागला. मग कोणीतरी माझं नाव सांगितलं.

"शकीलभाई, बाहेरून काहीच बदललेलं दिसलं नाही पाह्यजे," सर फोनवर म्हणाले होते. "तोच लाइट, तेच बटण. अन् तिले संगं आणावं लागन. घरी एकटी ठेवता येत नाही."

काम अवघड नाही. रेडिओचा आवाज ज्या वायरीतून व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो, तिथं काडेपेटीएवढं ब्लूटूथचं बोर्ड जोडायचं. डॅशबोर्डखाली एक लपवलेला स्विच द्यायचा, एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला फोन. सेट आहे तसाच दिसतो.

पण जुन्या गाडीत वायरीही जुन्या असतात. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हानं त्यांचं रबर पापडासारखं होतं. मी सेट ओढला तशी लाइटच्या वायरीवरची साल तुटली, उघडी तार पत्र्याला टेकली आणि फ्यूज उडाला. हे कळायला मला जरा वेळ लागला. तोवर सेटच जळाला की काय, असं वाटत राहिलं. तसा सेट आता मिळत नाही.

वायरीला टेप गुंडाळली, फ्यूज बदलला. हिरवा लाइट आला. काकूंनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

मग सेट काउंटरवर नेऊन सोल्डरिंग केलं. डॅशबोर्डला पडलेल्या भोकावर सरांनी आपला रुमाल लावला होता आणि ते काकूंशी सारखं काहीतरी बोलत होते. माझं अर्धं लक्ष तिकडेच. सोल्डरिंग करताना असं चालत नाही, दोनदा टाका परत घ्यावा लागला.

सेट परत बसवला. फोन जोडला. गाणं सुरू झालं आणि काकूंनी डोळे मिटले. सर खिडकीतून हात घालून माझा खांदा दाबत होते.

"झालं, सर," मी म्हणालो. "आता फक्त गाडी स्टार्ट करून पाहू."

मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि गाण्याच्या मागून एक बारीक आवाज यायला लागला. कुईं... ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो. सेटची अर्थिंग एका जागची आणि बोर्डाची दुसऱ्या जागची असली, तर त्याची कुईं कुईं स्पीकरमध्ये शिरते. मी ती ऐकायला म्हणून फोनवरचं गाणं बंद केलं आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

वरून काकूंचा आवाज आला. "लेकरू रडून राहिलं."

"नाही काकू, मशीनचा आवाज आहे."

"कोनाचं लेकरू हाये? घ्या ना त्याले कोनी!"

मी वर पाहीपर्यंत दार उघडलं होतं. सर दुकानातून पाण्याची बाटली आणायला वळले होते, तेवढ्यात काकू खाली उतरल्या आणि रस्त्याला लागल्या. मी बाहेर पडायला गेलो तर पाय वायरीत अडकला. सुटून बघतो तर समोर नुसत्या स्कूटी आणि बाइक. काकू कुठेच नाहीत.

"सर, काकू!"

सरांच्या हातातली बाटली पडली. "सुमन! अवो सुमन!" ते भर रस्त्यात धावत सुटले. एका पोरानं करकचून ब्रेक मारला. मी त्यांना धरून बाजूला ओढलं.

"तुमी उजवीकडून पाहा, मी डावीकडून जातो. अन् कडेनं चाला, सर."

"शकीलभाई, तिले घराचा पत्ता सांगता येत नाही," सर म्हणाले. "नाव बी कधी कधी माहेरचं सांगते."

मी प्रत्येक दुकानाशी थांबून विचारत गेलो. हिरवी साडी, पांढरे केस, पाहिलं का? कपड्याच्या दुकानात नाही, मेडिकलमध्ये नाही. गाडीला सेंट्रल लॉक नव्हता, पण तिकडचं दार आधी लॉक करायला मला कोणी अडवलं होतं का? पुढच्या चौकातून ट्रक जातात. तिकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

मग मला एकदम गलका ऐकू आला. ट्यूशन क्लास सुटला होता. जिन्याच्या तळाशी लहान पोरांचा घोळका आणि मध्ये काकू.

"एकमेकाचा हात धरा! धक्का नाही मारायचा. तू रे, पानी पेलं का?"

पोरं चक्क हात धरून रांगेत उभी होती. क्लासच्या मॅडम पायरीवरून बघत होत्या, त्यांना वाटलं कोणाची तरी आजी. मी सरांना फोन केला. ते आले आणि भिंतीला टेकले.

"बालवाडीची बाई होती ती," सर म्हणाले. "नांदगाव खंडेश्वरले. लेकरू रडलं का तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मले सुचाले पाह्यजे होतं."

पोरं आपापल्या आयांबरोबर गेली तेव्हाच काकू तिथून हलल्या. गाडीपाशी आल्या आणि थबकल्या. "आत लेकरू हाये. रडून राहिलं." इंजिन तसंच चालू राहिलं होतं, कुईं तशीच चालू होती.

मी इंजिन बंद केलं. सर त्यांचा हात घट्ट धरून स्टुलावर बसले. मी बोर्डाची अर्थिंग काढून सेटच्या बॉडीला दिली. इंजिन लावून पाहिलं, आवाज कमी झाला, गेला नाही. मग ड्रॉवरमधून आयसोलेटर काढला. ही लहानशी डबी असते. ती गाण्याचा सिग्नल पुढे जाऊ देते, पण दोन्हीकडची अर्थिंग एकमेकीला भिडू देत नाही. ती जोडली. हे नाही चाललं तर माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. या बाईंना आता जुनी गाडीही नकोशी झाली, तर सरांनी संध्याकाळी काय करायचं?

चावी फिरवली. इंजिन रेस केलं. स्पीकरमधून काही नाही.

काकू उठल्या. खिडकीतून आत वाकून त्यांनी कान दिला.

"झोपलं वाटते," त्या हळूच म्हणाल्या, आणि दार उघडून आपल्या जागेवर बसल्या.

सरांनी गाणं लावलं. काकूंनी लगेच हात पुढे करून व्हॉल्यूम पार खाली आणला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "पोचलो, शकीलभाई. सगळ्या रस्त्यानं तिनं आवाज वाढवू देला नाही. मले एक गानं धड आयकू आलं नाही."

"अन् काकू?"

"पूरा टाइम बसून होती. गुणगुणत होती."

तेव्हापासून इंजिन चालू करून तपासल्याशिवाय 'झालं' हा शब्द मी गिऱ्हाइकासमोर काढत नाही. आणि तपासायच्या आधी पलीकडचं दार लॉक आहे का, ते बघतो.