शेजारच्या मांजरीचं दूध

सरकीच्या पोत्यांचा तेलकट वास आला की मला लग्नानंतरचं, नाचणगावातलं पहिलं वर्ष आठवतं. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. गोठ्यालगतच्या खोलीत आमची मांजर पोत्यांवर व्याली आणि दुसऱ्याच दिवशी साप चावून मेली. पिल्लांपैकी एकच जगलं होतं. कापसाच्या वातीने मी त्याला गाईचं दूध पाजत होते, पण ते त्याच्या पोटात ठरेना. सारखी हगवण, अंग गार. सासूबाईंशी तोवर माझं कामापुरतंच बोलणं होई. त्या दारातून म्हणाल्या, "त्याले गाईचं दूध पचून नाई राह्यलं. शेजारची मांजर आत्ताच व्यालीय, तिच्यापाशी नेऊ." मी घाबरून विचारलं, "तिनं मारलं तर?" "अन् इथं काय जगून राह्यलं ते?" म्हणत त्यांनी पिल्लू पदरात घेतलं. शेजारी गेल्यावर त्यांनी त्या मांजरीच्या पिल्लांखालचं फडकं, त्यांचाच वास लागावा म्हणून, आमच्या पिल्लाच्या अंगावर चोळलं आणि याला हळूच त्यांच्यात सरकवलं. मांजर गुरगुरली. मी हात पुढे करताच सासूबाईंनी तो धरला. थोड्या वेळाने मांजर याला चाटू लागली आणि हे लुचू लागलं. परतताना सासूबाई म्हणाल्या, "सकाळपासून तुह्या पोटातबी काई नाई. चाल, भाकर टाकतो." चार दिवसांत हगवण थांबली. आता जनावरांची डॉक्टर झालेली माझी नात सांगते, आईच्या दुधातून, चाटण्यातून पिल्लाच्या पोटात चांगले जंतू जातात. मला मात्र वाटतं, परक्या घरातलं अन्न त्या दिवसापासून माझ्याही अंगी लागलं.