मोटारीत घातलेली दारू

संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या वर्षांत आमच्या मुरुम गावी पेट्रोल मिळेलच याचा भरवसा नसे. म्हणून माझ्या जुन्या मोटारीत पेट्रोलबरोबर हातभट्टीची दारू मिसळायचं मी ठरवलं. दारू गाळणाऱ्या म्हातारीनं वाटीत थोडी ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली.

"मोटारीला पाजता व्हय, मालक? झिंगंल की," ती हसली. मग म्हणाली, "पहिल्या धारेची हाय, पण पाणी असतंयच. दुबार गाळून देऊ का?"

माझ्या खिशात दिवसभराच्या कामांची यादी होती. "राहू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुरुजींच्या अडलेल्या लेकीला उमरग्याच्या दवाखान्यात नेताना मोटार वाटेतच बंद पडली. दारूतलं पाणी टाकीच्या तळाशी बसलं होतं. पोरीला बैलगाडीतून न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण वाचली, हे आमचं नशीब.

गुरुजींनी जाब विचारला, तेव्हा मी म्हणालो, "म्हातारीनं पाणी घातलं." गावभर तेच पसरलं. तिची गिऱ्हाईकं तुटली.

पुढं बाजारात ती समोर आली. "मालक, म्या इचारलं व्हतं की," एवढंच म्हणाली. भोवती ओळखीची चार माणसं होती. मी ऐकू न आल्यासारखं करून पुढं गेलो.