सतारीच्या तारेची स्प्रिंग

तळहातात मावेल एवढंच ते पिस्तूल होतं. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण निवृत्तीनंतर निवांत बसलो की मन हटकून त्या चिमुकल्या हत्याराकडे जातं. दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आष्ट्याच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. मिशी भरदार, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री त्याहून भरदार.

एका सकाळी पोलीस पाटलाची वर्दी आली. उसाच्या रानात गोळी उडाली होती आणि एकाच्या मांडीत शिरली होती. जखमीला बैलगाडीत घालून मिरजेच्या इस्पितळात नेलं होतं. पिस्तूल होतं त्याच्याच चुलतभावाच्या हातात. हा इटलीच्या लढाईतून परतलेला शिपाईगडी. तिकडूनच त्याने ते लपवून आणलेलं, अर्थात बिनपरवान्याचं. आठवड्यापूर्वी दोघांचं पाटाच्या पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते साऱ्या गावानं ऐकलं होतं.

शिपायाचा जबाब दोन-तीन ओळींचा. "सायेब, उसात डुकरं शिरली व्हती. पिस्तुलाचा घोडा चढवून पळत व्हतो. पाटावरनं उडी मारली आन् ते आपुआप उडालं. दादा म्होरं उसात हाय ह्ये मला ठावंच न्हवतं."

'आपोआप उडालं' हे वाक्य प्रत्येक ठाण्याच्या भिंतींना पाठ असतं. तरी मी रीतसर परीक्षा घेतली. पंच बोलावले, ठाण्यामागं वाळूची पोती रचली आणि जप्त काडतुसांपैकी चार झाडली. चारही वेळा चाप ओढल्यावरच बार झाला. अहवालात मी ऐटीत लिहिलं, 'हत्यार सुस्थितीत. आपोआप उडण्याचा संभव नाही.' खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. त्या माझ्या एका ओळीवर गड्याची उमेदीची वर्षं तुरुंगात जाणार होती, आणि मला त्या रात्री छान झोप लागली.

दोन महिन्यांनी मुद्देमाल साताऱ्याला पाठवायची वेळ आली. माझा हवालदार उतारवयाचा, गावच्या भजनात वीणा धरणारा. पंचांसमोर पिस्तूल खोलून पुसता पुसता तो थांबला.

"साहेब, ही घोडा अडवून धरनारी आतली स्प्रिंग कारखान्यातली न्हवं. टोकाचा पीळ बघा. वाजवायच्या तारेला असाच फासा करत्यात. माझ्या वीणेला हाय की."

"असा फासा कोण करतो?"

"मिरजेचं सतारवालं. दुसरं कोन करनार?"

मी तडक कच्च्या कैद्यांच्या कोठडीत गेलो. दुरुस्ती कोणी केली, म्हणून दरडावून विचारलं. शिपाई मान वर न करताच बोलला.

"मूळची स्प्रिंग तुटली व्हती. पर करणाऱ्याचं नाव घेनार न्हाई. त्यो नगं म्हनत व्हता, मीच गळ घातली. शबूद दिलाय त्येला."

"अरे, तू आत कुजशील."

"कुजू द्या की."

मला त्याचा संतापच आला. सुटायची एकुलती एक वाट हा बाबा स्वतःच्या हातानं बुजवत होता.

मिरज तेव्हा संस्थानात. आमचा अंमल तिथं चालत नसे. वरिष्ठांचं पत्र घेऊन, हवालदाराला आणि तिथल्या पोलिसांना सोबत घेऊन गेलो. सतारवाल्यांच्या गल्लीत दारोदार सतारींचे भोपळे टांगलेले आणि लाखेचा वास भरून राहिलेला. तो वास मला आजही कुठं आला की बरं वाटतं. तिसऱ्याच दुकानात हवालदाराच्या ओळखीचे एक म्हातारे मुसलमान कारागीर तंबोरा जुळवत बसले होते. पिस्तूल पाहून त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, माझंच काम. आधी लय कडक बनली, बोटाला वढ लागायची. मग मऊ केली. वाजवायचा साज कसा, बोट लागलं की बोलाय पायजे."

कामाचा अभिमान होता त्या बोलण्यात. मी विचारलं, "आणि बोट नाही लागलं, तर गप्प राहतं का चाचा?"

ते दचकले. रिकामं पिस्तूल मागून घेतलं, घोडा चढवला आणि बोट चापापासून लांब ठेवून मूठ लाकडी फळीवर आपटली. घोडा खटकन पडला. पुन्हा चढवला, पुन्हा आपटली, पुन्हा पडला. म्हाताऱ्यानं पिस्तूल हलकेच खाली ठेवलं.

"त्यो पोरगा खरं बोलतोय सायेब."

माझी अवस्था त्यांच्याहून वाईट होती. चाप ओढल्यावर उडतं का, हे मी चारदा पाहिलं होतं. न ओढता उडतं का, हे एकदाही पाहिलं नव्हतं. वाळूच्या पोत्यांपुढं पाय रोवून उभा राहिलेला मी, पाटावरून उडी मारणाऱ्याची परीक्षा घेत होतो.

मी स्पष्ट सांगितलं, "चाचा, हा जबाब दिलात तर तुम्हीही आरोपी व्हाल."

"त्यो सुटतोय का?"

"मोठ्या कलमातून सुटेल."

"मग लिवा. तेवढा तंबोरा जुळवून देतो, गिऱ्हाईक थांबलंय."

आम्ही पोलीस पायरीवर बसून राहिलो. एकेक तार जागेवर येत गेली. इतक्या शांतपणे अटकेला तयार झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

मी दुसरा अहवाल लिहिला. माझ्या वरच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "दोन्हीवर सही कोणाची?" मी म्हणालो, "माझीच." कोर्टातही बचावाच्या वकिलानं दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले. खुनाच्या प्रयत्नाचं कलम गळालं. बिनपरवाना हत्याराबद्दल शिपायाला थोडी सजा झाली, ते दुरुस्त केल्याबद्दल कारागिरालाही झाली.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात म्हातारे त्या दोन भावांकडं गेले. जखमी भाऊ काठी टेकत आला होता. "माझ्या हाताची चूक, माफी करा," म्हणत त्यांनी दोघांपुढं हात जोडले. लंगडणारा म्हणाला, "आवं चाचा, हात कशाला जोडताय? मीबी ह्याला खुनी म्हनतच व्हतो की." शिपायानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

मी चार पावलांवर उभा होतो. तारेची चूक कारागिराची होती, पण निरपराध माणसावर खुनी असल्याचा शिक्का माझ्या सहीनं बसला होता. पुढं नोकरीभर 'संभव नाही' हे शब्द मी कुठल्याही कागदावर लिहिले नाहीत. तपासात मी जे शोधायला जातो तेवढंच मला सापडतं, हे त्या प्रकरणानं शिकवलं. पण त्या आवारात पुढं होऊन हात जोडायचं धाडस मला झालं नाही. अंगावर वर्दी होती, आणि वर्दीत माफी मागायची आमच्यात रीत नव्हती. आता वर्दी नाही. तो शिपाई हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही. गड्या, चूक माझी होती. मला माफ कर.