राहनाळची गरम बोअरवेल

"म्याडम, तुमी एवढंच लिवून द्या, का खाली लावा हाय," पाटील म्हणाले. "पुडचं मी बगतो."

आम्ही भिवंडीजवळ राहनाळला, त्यांच्या जमिनीवर उभे होतो. समोर नवी बोअरवेल. तिला झेंडूचा हार घातलेला, शेजारी नारळाच्या करवंट्या. पंप सुरू केला की चांगलं गरम पाणी येत होतं. गावातल्या बायका बादल्या घेऊन रांगेत होत्या.

ईरा, अन्वय, तुम्ही फोनवर विचारलंत की आजी ऑफिसात नक्की काय करायची. म्हणून हे एक प्रकरण लिहिते.

मी मुंबईच्या एका संस्थेत गणिती मॉडेलिंग करत असे. ज्वालामुखीखालचा खडक कुठे, किती आणि का वितळतो, हे समीकरणांत मांडायचं आणि कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं. वितळलेला खडक जमिनीखाली असतो तोवर मॅग्मा, बाहेर आला की लाव्हा. पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. खोलवरचा खडक भयंकर तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे घट्ट राहतो. तोच खडक हळूहळू वर सरकला की दाब कमी होतो आणि नवी उष्णता न मिळताही तो थोडाथोडा वितळतो. आपल्या भिवंडीखालचा काळा पाषाण असाच आला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आता तो थंड आहे.

पाटलांना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग वज्रेश्वरीच्या गरम कुंडाला काय कोनी बंब लावलाय?"

तिथे पावसाचं पाणी भेगांतून फार खोल जातं, तापतं आणि वर येतं, मी म्हटलं. मॅग्मा तिथेही नाही. पाटलांना तेवढं पुरलं. भेगा इथेही असतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय देवीचा हात आहे, याला त्यांच्याकडे पुरावा होता. शनिवारी सकाळी पाणी जरा निवलेलं असतं. शुक्रवार देवीचा वार, त्या दिवशी ती विसावते.

त्यांची सून सुनंदा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला बोलावण्याची कल्पना तिचीच. त्या जमिनीवर गोडाऊन बांधायला एक कंपनी तयार होती, करार सोमवारी व्हायचा होता. सासऱ्यांना आता करार नको होता. त्यांना कुंड बांधायचं होतं, शेजारी लॉज. बाकीची जमीन आधीच विकून किंवा भाड्याने देऊन झाली होती, मोकळा असा हा शेवटचा तुकडा.

"पार्टी एकदा गेली की परत येनार न्हाय," ती म्हणाली. "पानी असंच गरम राहनार का, तेवढं खरं सांगा. मग बाबांना मी समजावते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मॉडेल चालवलं. राहनाळखाली खडक वितळावा म्हणून त्यात अशक्य आकडे घालावे लागत होते. खरे आकडे घातले की उत्तर एकच, मॅग्मा नाही. जुना एखादा साठा उरला असेल, तर तोही कधीच निवला असणार. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं मॉडेल शंभर किलोमीटर खालचं. दोनशे फुटांच्या बोअरचं तुम्हाला काय पडलंय? नाही म्हणून कळवा."

कळवता आलं असतं. पण पाणी गरम होतं, त्यात मी स्वतः हात घातला होता. मॉडेल खरं आणि बादलीही खरी. मला चैन पडेना. भाजी चिरताना हात थांबायचा. तुमचे आजोबा म्हणाले, "मीठ दोनदा घातलंस." ते खरं होतं. चुलीवरचं भांडं उतरवलं, जेवायला बसले, तरी डोक्यात ती बादलीच.

शनिवारी सकाळी चहा गाळताना पाटलांचा पुरावा आठवला. आज पाणी निवलेलं असेल. आणि मी गाळणी खाली ठेवली.

उष्णता खडकातून फार संथ सरकते. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. आमच्या मॉडेलचा हा पायाच. एक मीटर खडक ओलांडायलाच बरेच दिवस जातात, शंभर मीटरला काही शतकं. खोलातून येणाऱ्या उष्णतेला शुक्रवार कळणारच नाही. एका दिवसाच्या विश्रांतीने पाणी निवत असेल, तर चूल अगदी जवळ हवी.

मी सुनंदाला फोन केला. पंप काढून ठेवा, म्हटलं, आणि खालवरचं पाणी ढवळू नये म्हणून उद्यापर्यंत त्याला कोणी हात लावू नका. बायका नाराज झाल्या म्हणे.

रविवारी लॅबमधला सेन्सर नेला. लांब केबलच्या टोकाला थर्मामीटर, आकडा वर दिसतो. खालून तापत असेल तर जितकं खोल जाऊ तितकं गरम लागायला हवं. केबल सोडत गेले. सगळ्यात गरम पाणी वरच, जिथे पंप टांगलेला होता तिथे. मग कमी, आणखी कमी. तळाशी साध्या विहिरीइतकं.

पाटील आकड्याकडे बघत होते. "ह्ये उलटं कसं?"

"पाटील, चूल वरती आहे."

बोअरपासून थोड्या पावलांवर भिंत होती. भिंतीपलीकडून धूर येत होता.

"तिकडे काय आहे?"

सुनंदा म्हणाली, "सायझिंग."

सायझिंग म्हणजे सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ लावण्याचा कारखाना. त्याला बॉयलर लागतो. आम्ही वळसा घालून गेलो. भिंतीला लागून कच्चा खड्डा होता आणि बॉयलरचं वाफाळतं पाणी पाइपातून त्यात पडून जमिनीत मुरत होतं. मॅनेजरने खुर्ची पुढे केली. पाणी किती दिवसांपासून इथे सोडता, मी विचारलं. शुरू से, तो म्हणाला. बंद कधी असतं?

"जुम्मे को, मॅडम. भिवंडी में सब जुम्मे को ही बंद रहता है."

शुक्रवारी! सुनंदाने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मग हलकेच म्हणाली, "बाबा, ही जागा बी आपलीच. तुमीच भाड्यानं दिलीय."

पाटलांनी खड्ड्यावरच्या वाफेत हात धरून बघितला. आणि म्हणाले, "म्हंजे देवी माझीच भाडोत्री."

परत आल्यावर हार त्यांनी स्वतः काढला. बायकांना पंप जळाला म्हणून सांगितलं. सोमवारी करारावर सही झाली. पाणी तपासून घेतलं, ते पिण्यालायक नव्हतं. खड्डा पक्का बांधून घेतला, तेव्हा बोअरचं पाणी निवलं.

साहेबांनी विचारलं, मॉडेलचं काय झालं? बरोबर निघालं, मी म्हटलं. मॅग्मा साप्ताहिक सुट्टी घेत नाही.

तेव्हा मुलांनो, दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील, तर दोन्हींपैकी एक खोटी ठरवायची घाई करू नका. आधी भिंतीपलीकडे जाऊन या.